वाकडा बांध

हार जरा हातातच राहू द्या, तातेराव. गळ्यात पडला की साहेब उठतील.

अध्यक्ष तातेराव पाटील, बदलीवर निघालेले शेतकी खात्याचे रूपसिंग साहेब, हट्टा गावची जाणती मंडळी आणि दाराशी बसलेल्या आयाबायांनो, मला, संतरामला, साहेबांचे गुण सांगायला उभे केले आहे. सांगतो. साहेब उन्हातान्हात शिवार हिंडले. पाणी रानात जिरवा, जितके हात बांध घालाल तितके इनाम मिळेल, हे त्यांनीच आम्हाला समजावले. आमच्या बापजाद्यांना पाणी जिरवण्याचे कुणी कधी काही दिले होते का?

मी आणि शेजारी चाँद पाशा, आम्ही मिळून एक बांध घातला. उतार वळला तसा बांध वळवला. साहेबांचा मोजणीदार आला, दोरी धरली आणि म्हणाला, "वाकडा आहे. कायद्यात बसत नाही."

चाँद पाशा म्हणाला, "मग कायदा पाण्यालाबी वाचून दाखवा की."

तुम्ही आता हसलात, तसे सगळे तेव्हाही हसले. इनाम सटवाजीला मिळाले. त्याचा बांध दोरीत सरळ. आश्विनात एक मोठी सर आली, तो फुटला, आणि त्याची काळी माती ओढ्याला गेली. सटवाजी, मान खाली घालू नका. चूक तुमची नाही. आमच्या रानात तीच सर मुरली. त्यानंतर थेंब पडला नाही, तरी शाळू छातीएवढा आला. तो कुणी मोजला?

आज सकाळी चाँद पाशा म्हणाला, "संतराम, लढाईनं ज्वारी महागली. घरात चार लेकरं हैत. इनाम सोडून कसं जमंल? उद्या माझा तुकडा सरळ करून राहिलो." त्याला मी काय सांगावे? अर्धा बांध सरळ झाला, तर उरलेला अर्धा काय धरणार?

साहेब, बदली उद्या आहे. कलम आज खिशात आहे. वाकड्या बांधालाही इनाम द्यावे, एवढी एक ओळ लिहून ठेवा.

शांतपणे ऐकलेत, उपकार झाले. निरोपाच्या वेळी गाऱ्हाणे मांडले, ही माझी चूक. ती पोटात घाला. घाला हार, तातेराव.

साहेबांनी हसून हार घेतला; कलम खिशातच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मोटार वसमतच्या रस्त्याने गेली. चाँद पाशा फावडे घेऊन रानात आला. मीही आलो. आम्ही दोघांनी मिळून बांध सरळ केला.