लोकरीची काही चूक नव्हती

…नाही, मी म्हणतो, माणसं मारायची तर मारा, आपलं काही म्हणणं नाही, पण पांढरे शर्ट घालून कशाला? तुम्हाला सांगतो, सव्वादोन तासांच्या त्या सिनेमात बावीस माणसं मेली आणि त्यातल्या सोळा जणांच्या अंगात पांढरे शर्ट! सुती! कडक इस्त्रीचे! त्या बिचाऱ्या इस्त्रीवाल्याचा विचार केला का कुणी? पण असो. देव त्या दिग्दर्शकाचं भलं करो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही विचारलं काय आणि हा लाँड्रीवाला सांगतोय काय. काउंटरवर टांगलेला तो एवढासा स्वेटर कुठल्या बाळाचा, असंच विचारलंत ना? त्याचंच उत्तर चाललंय. तो बाळाचा नाही. तो माझ्या बायकोचा आहे, मोठ्या बाईच्या मापाचा, पूर्ण बाह्यांचा. माझ्या सासूबाईंनी विणलेला. त्यांच्या हातची शेवटची वस्तू, त्यानंतर त्यांची नजर गेली आणि वर्षभरात त्याही गेल्या. आणि सव्वीस वर्षं ह्याच जागी उभा राहून, लोकर गरम पाण्यात घालू नका हो, म्हणून जगापुढे घसा कोरडा करणाऱ्या ह्या शहाण्यानं तो चादरींच्या ढिगाबरोबर उचलला आणि साठ डिग्रीच्या मशीनमध्ये कोंबला. बाहेर आला तेव्हा बाहुलीला बसला असता.

बरं, झाली चूक तर झाली म्हणावं की नाही? पण नाही! सव्वीस वर्षांचा अनुभव ना आपला… मी म्हणालो, 'लोकरच खराब होती.' म्हणजे बघा, गेलेल्या सासूबाईंच्या लोकरीला मी नाव ठेवलं. ही काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, अठरा दिवस नाही.

निरोप यायचे, पण कसे? आमच्याकडे प्रत्येक कपड्याला नंबर लिहिलेली कापडी चिठ्ठी टाचतात, माहितीये ना तुम्हाला? त्या चिठ्ठ्यांवर! सकाळी शर्ट घालावा तर बाहीला 'दूध संपलंय'. विजारीला 'प्लंबर येणार'. एकदा मी तसाच बँकेत गेलो, पाठीवर 'जेवण झाकून ठेवलंय' घेऊन. रांगेतला मागचा माणूस हळूच म्हणतो, 'काका, घरी जा, निवत असेल.' हसा, हसा. पण तुम्हाला सांगतो, त्या अठरा दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की आमच्या मशीनचा आवाज किती मोठा आहे. सव्वीस वर्षं तो मला ऐकूच आला नव्हता, कारण मशीनपुढे ही बोलत असायची. घाबरलो होतो हो मी. वाटलं, आता उरलेलं आयुष्य टाचणीवर.

शेवटी परगावच्या लेकीनं फोनवर दोन तिकिटं पाठवली. 'बाबा, प्रेमाचा सिनेमा आहे, पोस्टरवर दोघं नाचतायत, आईला घेऊन जा.' नाचत होते, खोटं कशाला बोला. पण नाचत होते एका गालिच्यावर, आणि गालिच्यात एक गृहस्थ गुंडाळलेले होते. तेवढं पोस्टरवर कापलं होतं.

गेलो. सुट्टीचा दिवस, दुपारचा खेळ, दोन खुर्च्यांच्या मधल्या हातावर पॉपकॉर्न, दोघांची तोंडं दोन दिशांना. गोष्ट काय, तर नायक सुपारी घेऊन माणसं मारणारा, नायिकेला मारायला जातो, ती आधी त्याच्याच पायावर गोळी झाडते, आणि जडलं की प्रेम! मग जोडीनं मारत सुटतात. तो गालिचा लिफ्टमधून नेताना शेजारीण विचारते, 'धुवायला देताय का? आमचाही द्यायचाय.' अख्खं थेटर हसलं. आम्ही दोघं नाही हसलो. आम्ही गालिच्यावरच्या रक्ताच्या डागाकडे बघत होतो.

आणि मग तो प्रसंग आला. देव त्या दिग्दर्शकाचं भलं करो, दहा वेळा करो! नायक शर्ट काढतो, रक्तानं भरलेला, बादलीत टाकतो, आणि घेतो काय हातात… उकळत्या पाण्याची किटली! अहो, रक्ताचा डाग, त्यावर गरम पाणी! जन्मात निघायचा नाही! मी खुर्चीतून उठलो आणि ओरडलो, 'गरम नको!' आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, माझ्या शेजारून आवाज आला, 'गरम नको!'

अठरा दिवसांनी. हिचा आवाज.

लोक म्हणाले, खाली बसा. बसलो. पुढे पडद्यावर नायक टबात पडलेला, पोटात गोळी. नायिकेच्या मामाला ह्यानंच उडवलेलं, आणि सबंध सिनेमाभर म्हणत आलेला की बंदूक आपोआप सुटली. आता तो म्हणतो, 'आपोआप नव्हती सुटली. मी झाडली.' ती त्याच्या एक कानफटात देते, आणि मग त्याच हातानं पट्टी बांधायला घेते. मी मनाशी म्हटलं, अरे, हा मामा मारून कबूल करतो आणि तुझ्यानं एक स्वेटर कबूल होईना?

तिकडे दार फोडून सात माणसं आत आली, धाड धाड गोळ्या, आणि त्या गदारोळात ही पडद्याकडे बघतच मला विचारते, 'पाणी किती गरम होतं?'

'साठ.'

'आणि लोकर?'

'लोकर चांगली होती गं. लोकरीची काही चूक नव्हती. मी न बघता घातला.'

तिनं माझा हात धरला. पडद्यावर एक माणूस खिडकीतून खाली जात होता आणि आम्ही दोघं ढसाढसा रडत होतो. पुढच्या रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, 'अहो, तो व्हिलन होता.'

देव त्या दिग्दर्शकाचं भलं करो! माझी बायको त्यानं मला परत दिली, बावीस माणसं खर्ची घालून. आता दर सुट्टीला आम्ही असलेच सिनेमे बघतो, आणि डागांवरून भांडतो, मोठमोठ्यानं, तोंडानं!

फक्त एक अट घातली तिनं. स्वेटर इथंच टांगायचा, आणि जो कुणी विचारेल त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगायचं, लोकरीचं वाक्य गाळायचं नाही. ती बघा, मशीनमागून कान देऊन ऐकतेय. तुमचा कोट? तो केव्हाचा तयार आहे हो… पण माझी शिक्षा संपल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडता येत नाही.