पाण्याकाठचा पक्षी

परळच्या कानाच्या दवाखान्यात सीमा नंबरची वाट बघत बसली होती. तेवढ्यात कानांची तपासणी झालेले दगडू तावडे आणि त्यांची लेक बाहेर येऊन तिच्या शेजारी टेकले.

"बाबा, बारीक आवाज तुम्हाला कित्येक वर्षं ऐकूच येत नाहीत म्हणे!"

"गिरणीतले कान गो ते. साचेखात्यात, मागांच्या आवाजाने सगळ्यांचे गेले."

"मग मी हिमालयातून पाठवायचे ती पक्ष्यांची रेकॉर्डिंग?"

"छान होती."

"बाबा!"

"पाण्याचा खळखळाट यायचा. पक्षी नाय आला कधी."

"अहो, त्या खळखळाटामुळेच तो एवढ्या बारीक, उंच पट्टीच्या आवाजात गातो. जाड आवाज पाण्यात बुडून जातो, जोडीदारापर्यंत पोचतच नाही."

"शहाणा आहे. आम्ही साच्यांच्या धडधडाटात एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. आता तुझे बघतोय तसे."

"आणि फोनवर?"

"फोनवर ओठ कुठे दिसतात? नुसती गुणगुण यायची, शब्द नाय. जेवलीस का, थंडी आहे का, असं मीच बोलत राहायचो आणि ठेवून द्यायचो."

"मला वाटायचं, तुम्हाला माझं ऐकायचंच नाहीये. म्हणून मी फोन करणं सोडलं."

"ते कळलं होतं. पण का सोडलंस, हे विचारून काय करू? उत्तर ऐकू आलं नसतं."

लेक खाली बघत राहिली. मग तिने बापाकडे तोंड वळवलं आणि तिचे नुसते ओठ हलले. सीमा अगदी खेटून बसली होती, तरी तिला काही ऐकू आलं नाही.

"असू दे गो," तावडे म्हणाले. "अशीच समोर बस आणि सांग, तो पक्षी कसा गातो?"