शेवटचं आमेन

बनशंकरीच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. त्यांची मराठी कानावर पडली आणि माझा एकादशीचा जप थांबला.

“नगर सोडून इथं आलो, आणि लगेच तुमच्या शांतवनच्या पोटात गाठ निघाली. तिकडे असतो तर चर्चची सगळी मंडळी प्रार्थनेला आली असती, आई.”

“काल शेजारची ग्रेसम्मा तिच्या चर्चची माणसं घेऊन आली होती की.”

“सगळी प्रार्थना कन्नडमध्ये! मला काही कळलं नाही.”

“तुला कुठं सांगत होते ते? देवाला सांगत होते. शेवटचं आमेन तरी कळलं ना?”

“कळलं. पण माझ्या तोंडून निघालं नाही. रागच आलाय मला देवाचा.”

“मग तसं सांग त्याला. भांडायला तरी मराठी आहे ना तुझ्याकडे!”

दार उघडून नर्स कन्नडमध्ये भराभर काही बोलून गेली. घाबरलेल्या सुनेनं मलाच मराठीत विचारलं, “काय म्हणाली हो ती?”

“गाठ पूर्ण निघाली म्हणते. तुमचे यजमान शुद्धीवर आलेत.”

सासूनं पदरानं डोळे पुसले. “आधी ग्रेसम्माला फोन लाव.”

“लावते. पण सांगू कसं? मला कन्नड कुठं येतं?”

“तू लाव तर खरं.”

“हॅलो, ग्रेसम्मा अक्का? मी... शांतवन... आमेन, अक्का. आमेन!”