पाण्याच्या बाजूनं सातवं

सही मी करणार नाही, सी लह्लू, पण चहा तुम्हाला घ्यावा लागेल — दारात आलेल्याला कोरडं पाठवायची रीत या घरात नाही, मग आलेला कोणीही असो. बसा. तिथं नको, तिथं माझा नवरा असायचा, हम्मादी. इकडे, दाराजवळ. आणि तो कागद आधी पिशवीत ठेवा, सारखा माझ्यापुढं सरकवू नका. विचारताय काय, सुरुवात कशी झाली? तुमच्या फायलीत असेल ना सगळं — पण फायलीत हे नसणार, की बातमी आली तो साधा मंगळवार होता आणि मी अंगणात भाकरी भाजत होते. मुकद्दम ब्राहीम आला सायकलवरून — मघाशी तुमच्या गाडीचं दार उघडायला धावला तोच, गावात सरकारचं तोंड म्हणजे तो — आला आणि सायकल उभी करायच्या आत बोलायला लागला. सरकारनं म्हणे ठरवलंय, संशोधन काही समुद्रकाठच्या शहरांचीच मालमत्ता नाही, प्रत्येक प्रदेशाला आपापलं केंद्र मिळणार, आणि आपल्या खोऱ्याला खजुराचं. नवं ज्ञान, नवे शोध, पोरांना इथंच कामं. मी म्हटलं, ब्राहीम, भाकरी करपतेय, आत जाऊन त्याला सांग. हम्मादीला झाडावरून पडून तेव्हा सोळा दिवस झाले होते. वसंतात नराचा फुलोरा मादीच्या झाडावर बांधायला चढतात ना, तसा चढला होता, सदतीस वर्षं चढत होता, आणि त्या दिवशी पडला. कंबर मोडली. सोळा दिवस मी चमच्यानं भरवत होते ते अर्धं बाहेर येत होतं. त्या मंगळवारी त्यानं आपणहून सूप मागितलं. दोन वाट्या प्यायला. म्हणून म्हणते, तुमच्या त्या धोरणाला मी सुरुवातीला नावं ठेवली नव्हती. खोटं कशाला बोलू.

नावं नंतर ठेवली. कशाला म्हणजे? येताना बघितलीत ना ती इमारत? निळ्या काचांची. या उन्हात काच — कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? आत भट्टी होते, म्हणून गार हवेची यंत्रं, आणि ती यंत्रं चालतील एवढी वीज इथं नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकं समुद्रकाठच्याच प्रयोगशाळेत राहिली, तात्पुरती. सहा वर्षं झाली त्या तात्पुरतीला. शास्त्रज्ञ मंगळवारी यायचे नि गुरुवारी जायचे. गावातल्या चौघांना कामं मिळाली, खरंय — दोन पहारेकरी, एक झाडूवाली, एक ड्रायव्हर. आमच्याकडे पाट वरून खाली येतो, सी लह्लू. वरचे आधी पितात. खालच्याच्या वाफ्यात नुसती ओल पोचली तरी वरचा म्हणतो, पोचलं की पाणी. तुमचं तसंच. फक्त वरचा माणूस निदान खालच्याला तोंड दाखवतो, भांडण झालं तर फावडं घेऊन समोर उभा राहतो. तुमच्याशी भांडायचं तर राजधानीत, रबातला यावं लागतं.

घ्या ना, निवतोय. साखर घातलेली आहे.

तर झाड. तुमचा सगळा कागद त्या एका झाडावर उभा आहे, आणि ते झाड माझ्या बापाच्या बागेतलं. बयूद, खजुराचा तो रोग, तुम्हाला माहीत असणार — नुसता वाचलेला? मी बघितलाय. एक झावळी एका बाजूनं पांढरी पडते, जणू कोणी राख चोळली, मग दुसऱ्या बाजूनं, मग शेजारची, आणि वर्षा-दोन वर्षांत अख्खं झाड वाळतं. मुळामुळांतून जातो तो. बापाची तीस झाडं होती, एकोणीस गेली. उरलेल्या अकरांतली दहा आज ना उद्या जाणारीच. पण एक होतं, त्याच्या दोन्ही बाजूंची मेली, त्याच्या मुळांत मुळं गुंतलेली मेली, आणि ते तसंच हिरवं. खजूर बारीक, दिसायला काही नाही, पण गोड. ते मी बघितलं. झाडाखालचा लसूणघास कापायला रोज मीच जायची, हम्मादी वर्षातून चारदा वर चढायचा, बुंध्याशी कोण वाकलेलं असतं? मीच त्याला म्हटलं, हे मरत नाही, हे वेगळं आहे. त्यानं तीन वर्षं लक्ष ठेवलं, मग मानलं. हे सांगून ठेवते, उगाच नाही.

मग त्या शरदात तुमची माणसं आली. झाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या पुढारी, वयानं लहान, बोलायला नीट. हम्मादी इथंच पडलेला. बागेपर्यंत त्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्याकडून यादी लिहून घेतली — कुठलं झाड कसं, कुठल्याच्या बुंध्याशी किती पिलं फुटलीत. पिलांपासूनच नवं झाड होतं, बी लावून तेच झाड येत नाही. हम्मादीनं डोळे मिटून अकराच्या अकरा झाडं सांगितली. आणि म्हणाला, तुम्हाला हवंय ते सातवं.

आता इथं नीट ऐका, कारण तुमच्या अहवालात हेच चुकलंय. आमच्यात झाडं मोजतात ती पाण्याच्या बाजूनं. पाळी लागली, पाटाचं दार फोडलं, की पाणी ज्याला आधी पोचतं ते पहिलं. पोरालासुद्धा माहीत असतं. रस्ता कुठं आहे याच्याशी झाडाचा काय संबंध? झाड रस्ता पितं का? पण तुमची माणसं मोटारीतून उतरली, फाटकातून शिरली, आणि फाटकापासून एक, दोन, तीन. हम्मादीचं सातवं ते तुमचं पाचवं होतं. तुम्ही नेलंत ते भलतंच. चिठ्ठ्या बांधल्या, पिलं काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि त्याच दुपारी गाडी समुद्राकडे. तीन वर्षांनी त्या पिलांची बरण्यांत वाढवलेली इवली इवली रोपं आली, दोन हजार, राज्यपाल आले, फीत कापली. रोगट मातीत लावली मुद्दाम. दोन हिवाळ्यांत पांढरी पडली सगळी. पडणारच. आणि तुम्ही काय लिहिलंत? ब्राहीमनं वाचून दाखवलं मला, मी त्याला दोनदा वाचायला लावलं. ‘स्थानिक माहितगाराच्या स्मरणदोषामुळे प्रयोग निष्फळ.’ स्मरणदोष. आणि म्हणून केंद्र इथून उचलून समुद्राकडे, आणि ते उचलताना तुमच्या अंगावर काही नको म्हणून आता त्यावर त्याच्या बायकोची सही. त्याच्या दुखवट्याची पांढरी वस्त्रं उतरवून मला तीन महिने झालेत, सी लह्लू. ज्यानं झाडाखाली न जाता डोळे मिटून अकरा झाडं सांगितली, त्याला स्मरणदोष?

त्यांच्याबरोबर बागेत कोणी होतं का? होतं. मी होते. फाटकाची किल्ली माझ्याकडे. त्यानंच पाठवलं, इत्तो, जा, दाखव त्यांना. पण मला विचारतंय कोण? चिठ्ठ्या बांधणारा तो उंच माणूस — फाटक उघडणारी बाई म्हणजे फाटकच त्याला. मी तोंड उघडलंही असतं, पण बायकांचं ऐकायची सवय कुठं आहे तुमच्या खात्याला. एकानं मान वळवून बघितलं असतं तरी —

काय? त्या उंच माणसाच्या टिपणात काय आहे म्हणालात?

दाखवा. नको, मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचा. पुन्हा.

हं. लिहून ठेवलंय होय त्यानं. नीटनेटका दिसतो माणूस.

बरं मग. विचारलं त्यानं. फाटकापासूनच्या सातव्याच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, लल्ला, हेच ना? लल्ला म्हणून, आदरानं विचारलं. आणि मी मान हलवली. आता तुम्ही म्हणाल का — मीही म्हणते का. आदल्या दिवशी, इथंच, बाईंनी वही उघडून विचारलं होतं, हे झाड हेरलं कोणी? तुमच्या धोरणात एक रकाना आहे म्हणे, प्रदेशातल्या जाणकाराचं नाव लिहायचा, नाव छापून येतं. मी चहाचं तबक घेऊन उभी होते. हम्मादी म्हणाला, लिहा, हम्मादी उ-बासू. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बापाची बाग माझी, डोळे माझे, आणि नाव — पडलेला माणूस होता, हे मला कळत नव्हतं का? त्याच्याजवळ दुसरं काय उरलं होतं? रात्रभर मी स्वतःला हेच समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी ते फाटकापासून मोजायला लागले तेव्हा मनात आलं, मोजू देत. एक दिवस. संध्याकाळी हम्मादीला सांगेन, मग तो निरोप धाडेल, बाई ओशाळून परत येतील, आणि सगळ्यांदेखत म्हणावं लागेल की झाड इत्तोला माहीत होतं. एवढंच हवं होतं मला. पण संध्याकाळपर्यंत गाडी गेली होती. घरी हम्मादीनं विचारलं, सातवंच ना? मी म्हटलं, सातवंच.

पेन का थांबलं तुमचं? लिहा ना. स्मरणदोष खोडा आणि हे लिहा. रकाना नाही याला? तीन मजली इमारतीला रकाना होता, फितीला होता, आणि बायकोच्या रागाला नाही? मग नवा आखा. नाव घाला — इत्तो बिन्त उआली. त्याचं नाही, माझं. आता छापा.

ते झाड? आहे. उभं आहे, हिरवं आहे. बुंध्याशी एकच पील उरलंय, आता त्या वयात पुन्हा फुटायचं नाही. नाही, दाखवणार नाही. काय करणार तुम्ही ते घेऊन? ते पुन्हा समुद्राकडेच जाणार, आणि खोऱ्यात पुन्हा बरण्या येणार. ज्या दिवशी ते काम इथं, आमच्या पाण्यावर करायला कोणी येईल आणि शुक्रवारीही इथंच राहील, त्या दिवशी बघू. तुम्ही ओळ खोडलीत का आधी ते सांगा. वरिष्ठांना विचारावं लागेल म्हणता. अर्थात.

उठा मग. ग्लास राहू द्या तिथंच, मी उचलीन. पायरी सांभाळा, मधली हलते.

रोपं वाळल्याचं ब्राहीमनंच येऊन सांगितलं त्याला. हम्मादी म्हणाला, म्हणजे मीच चुकलो, इत्तो, मला झाड ओळखता आलं नाही. त्यानंतर कोणी झाडाचं विचारायला आलं की म्हणायचा, दुसऱ्याला विचारा. वर्षभर म्हणत होता. मी त्याला दिवसातून दोनदा कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, तोंड त्याच्या कानापाशीच असायचं माझं. त्याला मी सांगितलं नाही.