सौ. प्रेमलताचे दोनशे डबे

...आणि साल विचारू नका, सोळा असेल नाहीतर सतरा, हल्ली मला माझ्याच आठवणींची खात्री वाटत नाही, पण डबे दोनशे होते एवढं नक्की, कारण ते आमच्या बोळिंजच्या दोन खोल्यांत पसरले होते आणि पाय कुठे ठेवू म्हणून विचारलं तर आमची प्रेमलता म्हणाली, "डोक्यावर ठेवा, डॉक्टरसाहेब."

संक्रांतीचं हळदीकुंकू, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, झाकणावर छापायचं 'सौ. प्रेमलता'. आता तुम्हाला सांगतो, असल्या प्लॅस्टिकला शाई धरतच नाही. अळवाच्या पानावर पाणी धरतं का? आधी वरचा थर बदलावा लागतो. गच्चीतल्या बादलीला उन्हातले अतिनील किरण वर्षभर जे करत बसतात, तसलंच काहीसं प्लाझ्माची, म्हणजे विजेची, जांभळी ठिणगी क्षणात करते. थर उसवतो, हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो, मग पाणी पसरतं आणि शाई चिकटते. यात मी उभा जन्म घातलाय. मी या विषयातला डॉक्टर आहे हो!

वसई पूर्वेला सॅन्टनचा लहानसा छपाई कारखाना. त्यानं डब्यांवरून ठिणगी फिरवली आणि म्हणाला, उद्या छापतो. पण मला धीर कुठला? नीट झालं असेल का? एखादा राहिला असेल तर? दोनशेच्या दोनशे डबे टेम्पोत घालून घरी आणले आणि एकेका झाकणावर पाण्याचा थेंब सोडून तो किती पसरतो ते मोजत बसलो. वहीत लिहिलं. शंका आली, पुन्हा मोजलं... तीन आठवडे! मी या विषयातला डॉक्टर ना.

मग छापले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जिना उतरेपर्यंत नाव त्यांच्या बोटांना लागलेलं. खालच्या मेघनाताई डबा परत घेऊन आल्या, त्यावर नुसतं 'सौ.' उरलेलं. "पुढचं आम्ही आपापलं घालून घेऊ," म्हणाल्या.

प्रेमलता हसली नाही. मी तडक कारखान्यात. तिथे छापायला रोझलिन, कळंबहून येणारी, पंधरा वर्षं तिच्याच हातची छपाई. ती म्हणाली, "डॉक्टर, डबे तुमच्याकडनं आले तवा त्यांच्यावर पानी परत गोळा होत होतं. लई दिवस ठेवले तुमी."

आणि मी... काय सांगू... मी चष्मा पुसला आणि सॅन्टनला म्हणालो, "हिच्या हाताला तेल असणार. तेलकट बोट लागलं की शाई सुटते." वाक्य शास्त्राला धरून होतं हो! खोटं होतं, एवढंच. सॅन्टननं तिला छपाईवरून काढून खोकी बांधायला बसवलं. मी या विषयातला डॉक्टर!

घरी येऊन वही उघडली. पहिल्या दिवशी थेंब पसरलेला, विसाव्या दिवशी गोळा... माझ्याच अक्षरात. ठेवून ठेवून थर पूर्ववत होतो, हे मी मुलांना वर्गात शिकवलंय. मग जाऊन कबूल केलं का? आज जाऊ, उद्या जाऊ... आज पाऊस आहे, उद्या गुडघा दुखतोय... शिकलेल्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

गेल्या वर्षी एका लग्नात सॅन्टन भेटला. रोझलिन खोकी बांधता बांधताच काम सोडून घरी बसली, म्हणाला. मी आशेनं विचारलं, तिच्या हाताला थोडं तरी तेल असेल ना रे?

"कसलं तेल? शाईनं फोड यायचे तिला. हातमोजे घालूनच छापायची ती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही डॉक्टर. मी काय बोलणार?"

तरी मी विचारून खात्री करून घेतली, मोजे एका हातात की दोन्ही? दोन्ही हातांत घालायची.