साखरेच्या भावाखाली

तुम्हाला सांगतो, पंचवटीत माझ्या किराणा दुकानाबाहेरचा भावाचा फळा सगळे वाचायचे, पण शेजारच्या मराठी शाळेचा फळा कोणी वाचत नसे. म्हणून शाळेच्या मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "शेठ, तुमच्या भावाखाली आमच्याही सूचना लिहीत चला." मी लिहू लागलो. सहल असो की गॅदरिंग, पालक बरोबर यायला लागले.

एका मार्चमध्ये बाई स्वतःच खडू घेऊन आल्या. मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद व्हायची वेळ आली होती. त्यांनी लिहिलं, "शाळा टिकवायची असेल तर पालकांनी शनिवारी सभेला यावे." नेमकी त्याच दिवशी साखर उतरली होती, आणि ते मी सर्वांत वर लिहिलं होतं. दुकानापुढे ही झुंबड. सभेला मात्र बाई, शिपाई आणि मी.

जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या वहिनी मुलाला घेऊन शाळेच्या कुलुपापुढून थेट दुकानात आल्या.

"शेठ, शाळा बंद होणार हे कोणी सांगितलं का नाही?"

"वहिनी, फळ्यावर होतं की."

"कधी?"

"साखर उतरली त्या दिवशी."

"पाच किलो नेली होती मी," म्हणाल्या.