सोड म्हटलं की सोडतो

…आणि तुम्हाला सांगतो, पाठच टेकायची होती तर गोदामाला चार भिंती आहेत की हो! चांगल्या जाडजूड, आमच्या कामण गावच्या उन्हात शेकलेल्या. पण नाही! हेड ऑफिसच्या अनुष्का मॅडम काय म्हणाल्या? (बारीक, गोड आवाजात) "फ्रेंड्स, आज आपण एकमेकांवर विश्वास टाकायला शिकणार! जोड्या करा, खाली बसा, पाठीला पाठ टेका, डोळे मिटा…" जेवणानंतर! अहो, जेवणानंतर डोळे मिटायला माणसाला शिकवावं लागतं का?

बरं, मिटलेही असते. पण माझ्या पाठीला पाठ कुणाची? धर्माची! ज्याने मला अधांतरी टांगून ठेवलं, त्या धर्माची!

ऐका म्हणजे. गणपतीच्या आधीची गोष्ट. मी वरच्या मांडणीवरून मिक्सरची खोकी काढायला शिडीवर चढलेलो, खाली शिडी धरायला धर्मा. खाडीकाठचा शेतकरी गडी, पकड अशी की शिडी काय, अख्खं गोदाम धरून ठेवील! म्हणून मी आपला निवांत. एक खोकं अडकलं, ओढतोय, ओढतोय… आणि बघतो तर शिडी सरकतेय आणि धर्मा? धर्मा निघाला चहाला! मी मांडणीला लोंबकळतोय, वटवाघूळच! आमच्या सुपरवायझर लतिका मॅडम धावत आल्या, "रमेश, हे काय चाललंय?" काय चालणार मॅडम, पाय कुठे टेकतायत!

त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याच्या डब्यातली तांदळाची भाकर बंद, सुकटीची चटणी बंद. एकट्याने डबा खाताना घास उतरायचा नाही हो, खरं सांगतो. त्यात लतिका मॅडमचा दम, "तुमचं दोघांचं जमणार नसेल तर एकाला भिवंडीपलीकडच्या गोदामात पाठवते." आणि बघत होत्या माझ्याकडे! विरारहून भिवंडीपलीकडे जायचं म्हणजे घरी फक्त अंघोळीला यायचं.

तर बसलो. पाठ ताठ, मध्ये वीतभर जागा. गोदामाला चार भिंती आहेत की हो! पण मॅडम फिरतायत, "रिलॅक्स रमेश, वजन टाका…" टाकलं. थोडंसं. मागूनही थोडंसं आलं. वर पत्र्यातून उजेडाच्या लांब पट्ट्या उतरलेल्या, त्यात पुठ्ठ्यांची धूळ सावकाश फिरतेय, कबुतरं घुमतायत… आणि धर्माचा श्वास माझ्या पाठीला लागतोय. त्याने घेतला की मी वर, त्याने सोडला की मी खाली… वर… खाली… भरतीला बांधून ठेवलेली होडी हलते ना, तसं. कुठलं कामण नि कुठली शिडी! मी निघालो की तरंगत… खोक्यांवरून, खाडीवरून, विरारला मनवेलपाड्यातल्या माझ्या घराच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमधून… सगळं मऊ, सगळं माफ… वाटलं, आता कुणी उठवूच नये.

आणि मागून, झोपेतून यावा तसा आवाज, "रमेसभाऊ… तुज्यासाटी भाकर आनतो रोज. तशीच परत नेतो."

मी मान जराशी मागे वळवली. म्हटलं, "मग शिडी का सोडलीस रे?"

"तूच बोल्लास ना, सोड म्हनून!"

"मी?"

"हां! वरून वरडत व्हतास, 'सोड की बाबा, सोड आता!' मना वाटला तुजा काम झाला. सोडली."

अहो, मी खोक्याला म्हणत होतो! अडकलेल्या खोक्याला! आता खोक्याशी गप्पा मारणारा माणूस शिडीवर चढला, तर खाली उभा असलेल्याने काय समजायचं? मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, दोघांच्या पाठी गदगदा हलतायत. मग मी सगळा भार टाकला. मान त्याच्या खांद्यावर, डोळे मिटलेले, पुन्हा आपली खाडी, पुन्हा आपली होडी…

आणि अनुष्का मॅडमनी टाळी वाजवली, "ब्यूटिफुल! आता एकमेकांना सोडा!"

सोडा म्हटल्यावर धर्मा थांबतो होय? उठला ताडकन! आणि मी धप्पकन उताणा! वर पत्रा, कबुतरं, आणि मध्येच धर्माचं उलटं तोंड, "मॅडम बोल्ली ना, सोडा म्हनून?"

मी जमिनीवर पडून हसतोय, धर्मा हात देऊन ओढतोय नि हसतोय. लतिका मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "राहा बाबांनो, दोघंही इथेच राहा. तुम्हाला वेगळं केलं तर दोन गोदामांचं वाटोळं होईल!"

आता रोज भाकर खातो नि पाठीला पाठ लावून टेकतो. होय होय, गोदामाला चार भिंती आहेत! भिंतींना कान असतात म्हणे. असतील. पण 'सोड' ऐकून भिंत काही सोडत नाही. धर्मा सोडतो! तरी शिडी धरायला मला तोच लागतो… फक्त चढताना मी तोंडात रुमाल कोंबतो. काय करणार? धर्मावर माझा पूर्ण विश्वास आहे हो… माझ्या तोंडावर नाही!